अबव्ह द लॉ

अबव्ह द लॉ हा स्टीव्हन सीगलचा पहिला पिक्चर. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेत आला, युरोपात बऱ्याच ठिकाणी 'निको' नावानं लागला. डायरेक्टर अँड्र्यू डेव्हिस मूळचा शिकागोचा, आणि तीन वर्षं आधीच त्यानं चक नॉरिसला घेऊन शिकागो पोलिसांवर 'कोड ऑफ सायलेन्स' काढला होता, त्यामुळे इथलं शिकागो तरी सेटवरचं वाटत नाही.

सीगल तोवर नट नव्हताच. जपानमध्ये ऐकिडो (जपानी मार्शल आर्ट) शिकून ओसाकात शिकवायचा, मग लॉस एंजेलिसला आला आणि तिथं हॉलिवूडचा बडा एजंट मायकल ओव्हिट्झ त्याच्याकडे ऐकिडो शिकायला लागला, तिथून वॉर्नर ब्रदर्सचं दार उघडलं. पिक्चरच्या सुरुवातीला हिरो निकोचं बालपण आणि जपान दाखवायला सीगलचेच जुने फोटो वापरलेत. म्हणजे हिरो कुठे संपतो आणि नट कुठे सुरू होतो ते पहिल्या पाच मिनिटांतच कळेनासं होतं, आणि नटाला हेच हवं असणार!

गोष्टीत मात्र कोंबाकोंबी झालीय. निको टोस्कानी हा आधी सीआयएत असलेला पोलीस. ड्रग्जची धाड टाकतो तर सापडतात सी-फोर स्फोटकं, वरून ऑर्डर येते की पकडलेल्यांना सोडा, मग चर्चमध्ये बॉम्ब फुटतो, आणि धागा जातो व्हिएतनाम युद्धातल्या झेगॉन या सीआयएवाल्यापर्यंत (हेन्री सिल्वा, नुसता बघितला तरी व्हिलन). कोण कुणासाठी काम करतंय हे दोनदा बघूनही गोंधळायला होतं. सीगल डायलॉग पुटपुटतो, चेहरा एकच. शेरॉन स्टोन बायको झालीय आणि तिला काळजी करण्यापलीकडे कामच नाही. पॅम ग्रिअर निकोची पार्टनर, ती असते तेवढा वेळ सीनमध्ये जीव येतो.

पण बारमधली मारामारी बघा. तेव्हाचे हिरो उंच किक मारायचे, हा जागचा फारसा हलत नाही, समोरचा अंगावर धावून आला की जरासा बाजूला होतो, मनगट धरून पिरगाळतो आणि तो स्वतःच्याच जोरानं पलीकडे जाऊन आदळतो. कॅमेराही जवळच राहतो, सांध्याचा कडकडाट ऐकू येतो, बघणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. अमेरिकन ॲक्शनपटात ऐकिडो असा फारसा कुणी बघितला नव्हता.

धंदा बरा झाला. पुढे १९९२ मध्ये 'अंडर सीज'ला डेव्हिस-सीगल हीच जोडी परत आली, तेव्हा गोष्ट एका जहाजापुरती होती, आणि खूप सरळ होती.