भूल उतरते, वायू उरतो

मुंबईतला वीजग्राहक बेस्टचा असो, अदानीचा असो की टाटांचा, 2021 पासून त्याला शंभर टक्के हरित वीज मागता येते. राज्य वीज नियामक आयोगाने तेव्हा त्यासाठी युनिटमागे 66 पैसे जादा ठरवले होते. 2022 मध्ये केंद्राने खुल्या बाजारातून हरित वीज घेण्यासाठीची किमान भाराची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराची रुग्णालयेही त्यात बसू लागली. इथल्या रुग्णालयांना हे सोयीचेच. ऑपरेशन थिएटरची हवा तासाला वीसेक वेळा बदलावी लागते आणि आपल्या दमट हवेतले पाणी काढता काढता एसीचा दम निघतो. त्यात पावसाळ्यात दमटपणा वाढतो नेमका तेव्हाच, जेव्हा गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज घटते.

विजेचा प्रश्न असा मार्गी लागेलही. भुलेच्या वायूंचे काय?

डेस्फ्लुरेन हे श्वासावाटे द्यायचे भुलेचे औषध. शरीर ते जवळजवळ पचवतच नाही. रुग्ण ते उच्छ्वासातून बाहेर टाकतो आणि थिएटरची नळी ते इमारतीबाहेर सोडते. तिथे ते सुमारे 14 वर्षे टिकते. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो डेस्फ्लुरेन अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवते. सेव्होफ्लुरेन या तशाच दुसऱ्या भुलेच्या औषधाचा हाच आकडा 130च्या आसपास आहे. डेस्फ्लुरेनच्या 240 मिलिलिटरच्या एका बाटलीचा हिशेब मी मांडून पाहिला. तो सुमारे 890 किलो कार्बन डायऑक्साइडवर जातो. आपल्या ग्रिडची 1,200 युनिट वीज वापरली तर साधारण तेवढाच कार्बन हवेत जातो, म्हणजे महिन्याला 200 युनिट लागणाऱ्या घराची सहा महिन्यांची वीज. ही बाटली विजेच्या बिलात कुठेच येत नाही, म्हणून हरित दराने ती भरूनही निघत नाही.

स्कॉटलंडने 2023 मध्ये डेस्फ्लुरेन बंद केले. युरोपीय संघात 1 जानेवारी 2026 पासून वैद्यकीयदृष्ट्या अगदी अपरिहार्य असेल तरच ते वापरता येते. या औषधाने रुग्ण लवकर जागा होतो, हा गुण खराच, पण बहुतेक शस्त्रक्रियांत तो फरक काही मिनिटांचा असतो. तेवढ्यासाठी ते सरसकट वापरावे असे मला वाटत नाही. भूलतज्ज्ञाच्या हातात आणखीही एक उपाय आहे: वायूचा प्रवाह मिनिटाला एक लिटरच्या खाली ठेवायचा. रुग्णाने सोडलेली हवा सोडा लाइम या चुन्याच्या दाण्यांमधून जाते, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेली भूल पुन्हा रुग्णाकडे येते. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलेचे औषध दिले तर वायू लागतच नाही. सिरिंज आणि नळ्यांचा प्लास्टिक कचरा मात्र वाढतो.

खरी गंमत नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे लाफिंग गॅसची. हवेत तो शतकभर टिकतो. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी मोजमाप केले, तेव्हा कित्येक ठिकाणी मध्यवर्ती पाइपलाइनमध्ये सोडलेला बहुतेक वायू रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता. सांध्यांतून, झडपांतून वाटेतच गळत होता. त्यावर तिथे पाइपलाइन बंद करून भुलेच्या यंत्रालाच छोटा सिलिंडर जोडायची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे जिथे अशी पाइपलाइन आहे, तिथे ही तपासणी फुकटात होते. महिन्याला किती वायू विकत घेतला आणि भुलेच्या नोंदींप्रमाणे त्यातला किती वापरला, एवढी वजाबाकी भांडारातल्या वहीवरूनही करता येईल.