मौखिक आरोग्यातील विषमतेवर संशोधन: निधीचा अर्ज कुठे अडकतो

जगात सुमारे ३५० कोटी लोकांना दात, हिरड्या किंवा तोंडाचा काही ना काही आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो. हा आकडा झाडून सगळ्या अर्जांच्या पहिल्या पानावर असतो. अर्ज परत येतात ते पुढच्या पानांमुळे.

आधी पात्रता. बऱ्याच योजनांना अल्प किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशातली संस्था हवी असते. पण कोणत्या यादीप्रमाणे? जागतिक बँकेची यादी दरवर्षी १ जुलैला बदलते. काही ठिकाणी ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेची विकास-साहाय्याची यादी धरतात. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. मागच्या वर्षी पात्र होतो, या भरवशावर राहू नका.

सगळ्यात जास्त रखडते ती नैतिकता समितीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीची मंजुरी. पैसा एका देशातून आणि तपासणी दुसऱ्या देशात असेल, तर मंजुरी दोन्हीकडची लागते. मोठ्या विद्यापीठाचं पत्र जोडलंय की, हे उत्तर चालत नाही. त्यात काही ठिकाणी निधीपत्राशिवाय मंजुरी नाही आणि मंजुरीशिवाय निधी नाही! मधल्या मधे अर्जदार लटकतो. सशर्त मंजुरी चालेल का, हे निधी देणाऱ्यांना आधीच लेखी विचारून ठेवा.

हमखास राहून जाणारा कागद म्हणजे उपचारासाठी पुढे पाठवण्याची योजना. तपासताना एखाद्या मुलाच्या दाढेपाशी पू दिसला, तर त्याला कुठे पाठवणार? खर्च कुणाचा? तक्त्यात खूण करून ‘पुढचा’ म्हणणार असाल, तर समिती अर्ज नाकारते आणि योग्यच करते. दवाखान्याचं संमतिपत्र हवं, अंदाजपत्रकात त्याची रक्कमही हवी.

बारा वर्षांची मुलं शाळेत सहज सापडतात, म्हणून नमुना तिथूनच घेतला जातो. शाळाबाह्य मुलं वगळली की ज्या विषमतेवर अर्ज आहे तीच निसटते. छाननीत हे लगेच पकडलं जातं.

तपासनिसांच्या नोंदी एकमेकांशी जुळतात याचा पुरावा आणि लाळेचे नमुने परदेशी जाणार असतील तर हस्तांतरण करार, हेही जोडा. उपचाराची चाचणी असेल तर चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत तिची नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधीच करा. नंतर केलेली नोंदणी अनेक संशोधन-नियतकालिकं मानत नाहीत.

शेवटच्या तारखेची वेळ बहुधा निधी देणाऱ्याच्या घड्याळाची असते. शिवाय अनेक पोर्टलवर तुम्ही ‘सबमिट’ केल्यावर संस्थेच्या अधिकाऱ्याची वेगळी मान्यता लागते, आणि ते साहेब नेमके रजेवर असतात. त्यांना आठवडाभर आधी गाठा. अर्जाची स्थिती बदलली का, ते स्वतः लॉगिन करून बघा.