वडगावची लढाई

पहिल्या इंग्रज–मराठे युद्धातील (१७७५–८२) लढाई. मावळातील वडगाव (पुणे जिल्हा) येथे जानेवारी १७७९ मध्ये झाली. रघुनाथरावास पेशवाईवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० ची फौज कर्नल एगर्टनच्या हाताखाली पनवेलहून बोरघाट चढून आली. बरोबरच्या बैलांची संख्या १९,००० सांगतात. ती खरी असल्यास खंडाळा ते कार्ला हे थोड्याच कोसांचे अंतर कापण्यास अकरा दिवस का लागले, याचे वेगळे कारण शोधावे लागत नाही. महादजी शिंदे व नाना फडणीस यांनी समोरासमोर गाठ न घेता वाटेतील दाणावैरण नाहीशी केली. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावी पोहोचले, तो गाव जळालेले. ११ च्या रात्री जड तोफा तेथील तळ्यात लोटून त्यांनी माघार घेतली. पिछाडीस कॅप्टन हार्टलेने नेटाने झुंज दिली, तरी वडगावी फौज कोंडली गेली.

कराराची तारीख १३, १६ व १७ जानेवारी अशी निरनिराळी आढळते. १३ तारखेस लढाई थांबून बोलणी सुरू झाली असावीत; तहासाठी १६ ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करावा व दोन ओलीस द्यावेत, असे ठरले. रघुनाथराव शिंद्यांच्या हवाली झाला. बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने करार नाकारला व युद्ध सालबाईच्या तहापर्यंत (१७८२) चालले.

कार्ल्यास ४ जानेवारीस पडलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मराठी परंपरेत ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिला. ‘इष्टुर’ हा ‘स्टुअर्ट’चा उच्चारसुलभ अपभ्रंश होय, ‘फाकडा’ म्हणजे बहाद्दर, रुबाबदार. मानाजी शिंदे व कोन्हेरराव एकबोटे हे दोन पुरे फाकडे आणि हा अर्धा, असे मिळून ‘अडीच फाकडे’ मोजले जात. अर्धेपणा परकेपणामुळे असावा. पराक्रम कमी म्हणून नव्हे, कारण हे नाव शत्रुपक्षानेच दिलेले आहे. झाडावर चढून टेहळणी करताना तो मारला गेला, ही मावळातील आख्यायिका. तोफगोळ्याने पडला, हे इंग्रजी वृत्तांतांशी अधिक जुळते. मृत्यू कार्ल्याचा असला, तरी समाधी वडगावी दाखवितात.