मेंढ्यांचा आहार आणि वायुउत्सर्जन (ठाणे परिसर)

मेंढीने खाल्लेल्या चाऱ्यातील कार्बन आणि नत्र यांचा थोडाच भाग मांस, लोकर व दुधात साठतो. बाकीचा शरीराबाहेर पडतो. कार्बनचा काही भाग मिथेन होऊन तोंडावाटे निघतो आणि नत्र मूत्र व लेंड्यांवाटे जमिनीवर येतो. त्या नत्रातून पुढे अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड तयार होतात. मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे दोन्ही हरितगृह वायू आहेत. शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तर नायट्रस ऑक्साइड २७३ पट तापमानवाढ घडवतो. कोणता चारा, कोणत्या अवस्थेत आणि कशाच्या जोडीने दिला, यावर या वायूंचे प्रमाण ठरते. मात्र एक कमी झाला की दुसराही कमी होतो असे नाही, आणि या विषयातली खरी गुंतागुंत तिथेच आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७.४३ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. राज्यातले बहुतेक कळप घाटावरचे, दख्खनी जातीचे. ठाणे जिल्ह्याचा मुसळधार पाऊस या जातीला मानवत नाही, चिखलात उभे राहून खूर सडतात. तरीही दिवाळीनंतर भातकापणी उरकली की अहिल्यानगर, नाशिक, पुणे भागांतले धनगर मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून माळशेज आणि कसारा घाटांनी खाली उतरतात. मुरबाड, शहापूर, कल्याण, भिवंडी या तालुक्यांतली मोकळी खाचरे आणि माळ हे त्यांचे उन्हाळ्यापर्यंतचे रान. मृगाआधी कळप पुन्हा घाट चढतात. त्यामुळे ठाण्यातल्या मेंढ्यांच्या उत्सर्जनाचा विचार या सात-आठ कोरड्या महिन्यांच्या चाऱ्यापासूनच सुरू करावा लागतो.

मिथेनचे मूळ मेंढीच्या कोटीपोटात आहे. चार कप्प्यांच्या जठरातला हा सर्वांत मोठा कप्पा. तेथे प्राणवायू नसतो. असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू आंबवून त्यांपासून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले बनवतात, आणि मेंढीला बहुतांश ऊर्जा याच आम्लांतून मिळते. ॲसिटिक आम्ल बनताना हायड्रोजन मोकळा होतो. तो साचला तर आंबवण्याची क्रियाच मंदावेल. मिथेनजनक आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, हा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि मेंढी तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. म्हणजे मिथेन ही नुसती घाण नव्हे, कोटीपोट चालू राहण्यासाठी निसर्गाने काढलेली ती वाट आहे. पण तिची किंमत मेंढी मोजते. खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा अशी वाया जाते. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) मार्गदर्शक आकड्यांनुसार विकसनशील देशांतल्या लहान मेंढीसाठी वर्षाला ५ किलो मिथेन धरतात, म्हणजे दिवसाला १४ ग्रॅमांच्या आत. २००६ च्या त्याच आकड्यांत भारतातल्या म्हशीसाठी ५५ किलो धरलेले आहेत. मेंढीकडे बोट दाखवण्यापूर्वी हे प्रमाण लक्षात ठेवलेले बरे.

पेंढा, सड (कापणीनंतर शेतात उरलेली धसकटे), ऑक्टोबरनंतर पिकून वाळलेले माळावरचे गवत असा तंतुमय चारा असला की ॲसिटिक आम्ल जास्त बनते आणि पचलेल्या प्रत्येक किलोमागे मिथेनही जास्त निघतो. धान्य वा पेंड दिल्यास प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढते. त्यात हायड्रोजन खर्ची पडतो, म्हणून मिथेन घटतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के, तर कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नीट काम करायला निदान ७ टक्के लागतात. त्याखाली पचन रेंगाळते, मेंढी कमी खाते आणि कोकराची वाढ खुंटते. रोजचा मिथेन अशा कोकराचाही थोडा कमीच असतो, पण ते विक्रीच्या वजनाला यायला दुप्पट दिवस घेते. उदाहरणादाखल ३ किलोचे कोकरू २५ किलोचे व्हायचे आहे असे धरू. रोज १०० ग्रॅम वाढले तर २२० दिवस लागतात, आणि रोज १० ग्रॅम मिथेन धरला तर एकूण २.२ किलो होतो. रोज ५० ग्रॅमच वाढले तर ४४० दिवस, आणि रोज ८ ग्रॅम धरूनही साडेतीन किलो. निकृष्ट चारा हवामानाला स्वस्त पडतो हा समज म्हणूनच खोटा आहे.

ठाण्यात या उणिवेवर एक स्थानिक उतारा आहे. भातानंतरच्या ओलीवर इथे वाल, हरभरा अशी कडधान्ये घेतली जातात. त्यांची काढणी झाल्यावर उरणारा पालापाचोळा आणि शेंगांची टरफले पेंढ्यापेक्षा पुष्कळ पौष्टिक असतात, आणि मेंढ्या ती आवडीने वेचतात.

आता नत्र. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो. ३० किलोची मेंढी दिवसाला ९०० ग्रॅम कोरडा चारा खात असेल आणि त्यात १० टक्के प्रथिने असतील, तर तिच्या पोटात सुमारे १४ ग्रॅम नत्र जातो. त्यातला ७० ते ९० टक्के, म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास, परत बाहेर येतो. बाहेर येताना तो कोणत्या वाटेने येतो याला फार महत्त्व आहे. कोटीपोटात प्रथिने फुटून अमोनिया होतो. सूक्ष्मजीवांना पुरेशी ऊर्जा मिळाली तर ते तो वापरून स्वतःची प्रथिने बनवतात, आणि ती पुढे मेंढीच्याच अंगी लागतात. ऊर्जा कमी आणि प्रथिने जास्त झाली की उरलेला अमोनिया रक्तात शिरतो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि तो मूत्रावाटे जातो. लेंड्यांतला नत्र सेंद्रिय रूपात बांधलेला असल्याने सावकाश सुटतो. मूत्रातला युरिया मात्र जमिनीवर पडल्यावर काही दिवसांतच अमोनिया होतो आणि कडक उन्हात त्याचा बराच भाग उडून जातो. उरलेल्याचे जमिनीतले जीवाणू नायट्रेट करतात आणि जमीन ओली होऊन हवा कोंडली की त्या नायट्रेटमधून नायट्रस ऑक्साइड निघतो.

जास्त प्रथिने दिली की भले होईल असे मानणाऱ्याने शहराच्या कडेला ठेवलेल्या मेंढ्या पाहाव्यात. वाशीच्या बाजार समितीसारख्या घाऊक बाजारांतून कोबी आणि फ्लॉवरचा पाला ढिगाने निघतो. तो पाणीदार, लवकर पचणारा आणि प्रथिनांनी समृद्ध असतो. कोबीच्याच कुळातला रेप नावाचा चारा खाणाऱ्या मेंढ्यांत मिथेन बराच घटल्याचे न्यूझीलंडमधल्या प्रयोगांत दिसले आहे. पण नुसत्या पाल्यावर मेंढी ठेवली तर प्रथिनांना पुरेशा ऊर्जेची जोड मिळत नाही आणि नत्र मूत्रात वाहून जातो. शिवाय या कुळातल्या चाऱ्याचा अतिरेक झाला तर रक्तक्षय होतो. पाला सुकवून, पेंढ्याची कुट्टी आणि थोडा मका किंवा ज्वारीचा भरडा मिसळून दिला तर त्यातला नत्र अंगी लागतो. याउलट शिळे पाव, भात असे पिष्टमय खाद्य एकदम भरपूर घातले की कोटीपोट आंबट होऊन जनावर दगावू शकते. मिथेन कमी करण्याच्या नादात हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

मिथेन आणि मूत्रातला नत्र, दोन्ही एकाच वेळी कमी करण्याची ताकद टॅनिनयुक्त पाल्यात आहे. तुरट चवीचे हे द्रव्य कोटीपोटात प्रथिनांना चिकटते आणि त्यांना तेथे फुटू देत नाही. पुढच्या, आम्लयुक्त कप्प्यात ही पकड सुटते. त्यामुळे नत्राचा काही भाग मूत्राऐवजी लेंड्यांत जातो आणि मिथेनजनकांनाही आळा बसतो. कोरड्या चाऱ्याच्या २ ते ४ टक्के टॅनिन उपयोगी ठरते. ५ टक्क्यांवर गेले की भूक आणि पचन मंदावते. बाभळीच्या शेंगा आणि पाला, सुबाभूळ, जांभूळ यांत टॅनिन असते. आकडीने फांदी वाकवून मेंढपाळ जो पाला पाडतो त्याचा हा गुण प्रयोगशाळांनी नंतर मोजला. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देत नाहीत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्थेचे म्हणणे आहे.

इतर उपाय थोडक्यात. तेलबिया किंवा तेल दिल्याने मिथेन घटतो, पण खाद्यात एकूण स्निग्धांश ६ टक्क्यांवर गेला तर तंतूंचे पचन बिघडते. खाद्यात मिसळलेले नायट्रेट कोटीपोटातला हायड्रोजन शोषून घेते, मात्र मात्रा चुकली तर विषबाधा होते आणि नत्रात भरच पडते. ॲस्परॅगोप्सिस या लाल समुद्री शेवाळातल्या ब्रोमोफॉर्म या द्रव्यामुळे मेंढ्यांच्या प्रयोगांत मिथेन निम्म्याहून अधिक घटला. रोज रान बदलणाऱ्या कळपाला असे पूरक खाद्य मोजून देणे कठीण आहे. न्यूझीलंडमध्ये कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्यांची निवड पैदास झाली आहे आणि त्यांचे कोटीपोट आकारानेच लहान आढळले.

फिरत्या कळपाच्या नत्राला वाया जाणारा म्हणायचे की खत म्हणायचे, हे रात्री कळप कुठे बसतो यावर ठरते. शेतकरी धान्य किंवा रोख देऊन आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतात. वाघर लावून, म्हणजे जाळीचे कुंपण करून, कळप रात्रभर एका तुकड्यात ठेवतात. वरच्या हिशेबाने ५०० मेंढ्यांचा कळप दिवसाला ६ किलो नत्र टाकतो. निम्मा रात्रीचा धरला तर ३ किलो, म्हणजे साडेसहा किलो युरियातल्या नत्राइतका. एवढा कळप पाच गुंठ्यांत बसला तर एका रात्रीत हेक्टरी ६० किलोच्या दराने नत्र पडतो. त्याच कळपाचा रोजचा मिथेन सुमारे ७ किलो, म्हणजे १८५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. पडलेल्या नत्रापैकी किती नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन जातो याचा हवामान समितीचा २००६ चा १ टक्क्याचा किंवा २०१९ चा ०.३ टक्क्याचा दर घेतला, तरी त्याचा वाटा ८ ते २६ किलोंच्या बरोबरीचाच येतो. हवामानाच्या खात्यात मिथेन भारी आहे, तर शेतकऱ्याच्या खात्यात नत्र. एक गोष्ट मात्र सहसा कुणी मोजत नाही. मेंढीने न खाल्लेला पेंढा आणि सड खाचरात गाडली तर पावसाळ्यात पाण्याखाली कुजताना तीही मिथेन सोडते, आणि तेथेही काम करतात ते मिथेनजनक आर्कियाच.

बसवणीनंतर जमीन उघडी राहिली तर मूत्रातल्या नत्राचा साधारण पाचवा हिस्सा अमोनिया होऊन उडतो. उन्हाळाभर साठलेले नायट्रेट जूनच्या पहिल्या सरींत एक तर वायू होऊन जाते, नाही तर पाण्याबरोबर ओढ्यात. म्हणून एकाच तुकड्यात बरेच दिवस मेंढ्या न बसवता एक-दोन रात्रींनी वाघर हलवणे, कळप उठताच उथळ नांगरट करून लेंड्या मातीत मिसळणे आणि लावणीच्या वेळी युरियाची मात्रा त्या हिशेबाने कमी करणे, या तीन गोष्टींनी हा नत्र भाताच्या वाट्याला येतो. लेंड्यांतला सावकाश सुटणारा भाग दुसऱ्या वर्षीच्या भातालाही मिळतो.