बाउंड्री वॉटर्समध्ये पायी मुक्काम: परवाना नेमका कुठे अडतो

अमेरिकेतील उत्तर मिनेसोटाचे बाउंड्री वॉटर्स हे तळ्यांचे संरक्षित वनक्षेत्र कनूप्रवासासाठी (वल्ह्याच्या अरुंद होडीतून प्रवासासाठी) प्रसिद्ध असले, तरी केकेकाबिक (सुमारे 64 किलोमीटर) किंवा बॉर्डर रूट यांसारख्या दुर्गम पायवाटाही तेथे आहेत, आणि होडी नसली म्हणजे परवाना लागत नाही हा समज चुकीचा आहे. मुक्कामासाठी परवाना वर्षभर लागतो. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात प्रवेशाचा कोटा असतो, म्हणजे ठरावीक गटांनाच आत सोडतात. परवान्याचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी 9 वाजता मिनेसोटाच्या वेळेनुसार खुले होते, म्हणजे न्यू जर्सीतून आरक्षण करणाऱ्यांकडे तेव्हा 10 वाजलेले असतात. आरक्षणाचे 6 डॉलर परत मिळत नाहीत. शिवाय प्रौढामागे 16 आणि मुलामागे 8 डॉलर द्यावे लागतात, तेही रात्रीनुसार नव्हे, तर संपूर्ण प्रवासासाठी एकदाच.

अर्जदार सर्वाधिक अडतात ते नावावर. परवाना गटप्रमुखाने किंवा आरक्षणात नोंदवलेल्या पर्यायी प्रमुखाने फोटो ओळखपत्र दाखवून स्वतःच घ्यावा लागतो. पतीच्या खात्यातून आरक्षण झाले, ऐन वेळी त्यांना रजा मिळाली नाही आणि पत्नीचे नाव पर्यायी प्रमुख म्हणून दिलेले नाही, तर शुल्क भरलेले असूनही परवाना मिळत नाही. म्हणून पर्यायी नावे आरक्षण करतानाच भरावीत, आणि आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येत असल्याने ती ओळखपत्रावर आहेत तशीच लिहावीत.

परवान्यावरील तारीख आत शिरण्याची असते आणि तो तेवढ्याच प्रवेशस्थानापुरता चालतो. वाट पडलेल्या झाडांनी अडलेली दिसली म्हणून दुसरीकडून शिरता येत नाही. 1999 च्या वादळाने केकेकाबिक वाटेवर झाडे पाडली आणि 2011 च्या वणव्याने तेथील पाउवाउ ही पायवाट जाळली हे पाहता, आरक्षणापूर्वी रेंजर (वनरक्षक) कार्यालयात वाटेची स्थिती अवश्य विचारावी.

परवाना प्रवेशाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी, कार्यालय उघडे असतानाच मिळतो. मिनियापोलिसहून बाउंड्री वॉटर्सजवळच्या ईली गावी पोहोचायला साधारण 4 तास लागतात. संध्याकाळी काम संपवून निघणाऱ्यांना तेथे बंद दार दिसते, याची कृपया आधीच दखल घ्यावी.

गटात मुलांसह कमाल 9 जणच असावेत. बारा जणांनी दोन परवाने काढले, तरी त्यांना एकत्र चालता येत नाही आणि एका तळावर राहताही येत नाही.