तळमजल्यावरच्या बँकांवरची झोनिंग मर्यादा

बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावर तळमजल्याला बँकेने किती जागा अडवायची, किंवा तिथे बँक येऊच द्यायची की नाही, हे ठरवणारा नगररचनेचा नियम म्हणजे ही मर्यादा. अमेरिकेतल्या काही शहरांत असे नियम आहेत, आपल्याकडे नाहीत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या यूडीसीपीआरमध्ये (बांधकाम आणि विकासाची एकत्रित नियमावली) बँकेने रस्त्यावर किती फूट पसरायचं याची काही अट नाही, त्यामुळे नाशकात मेन रोडला एखादं साडीचं दुकान उठलं आणि तिथे बँक आली तर झोनिंगच्या नावाने कोणी हरकत घेऊ शकत नाही.

बँक वाईट म्हणून हा नियम नसतो, भांडण आहे ते शटर कधी बंद होतं आणि किती लांब आहे याचं. मेन रोड, दहीपूल, रविवार कारंजा, शालिमार या पट्ट्यात खरी गर्दी संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी होते, आणि बँकेचं काउंटर तोवर कधीच बंद झालेलं असतं, त्यात सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार पण सुट्टीचा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी भांडी बाजारातून कापडाच्या दुकानांकडे माणूस चालत निघतो तेव्हा तो दर दहा-बारा फुटांवर थबकतो, एका गाळ्यात डबे बघतो, पुढच्यात ब्लाऊजपीसचा भाव विचारतो, घ्यायचं नसतं तरी विचारतो, आणि मधेच चार गाळ्यांएवढी काच लागली, आत अंधार, बाहेर होम लोनचं पोस्टर, की पाय आपोआप वेग धरतात आणि पलीकडच्या दुकानाचं गिऱ्हाईक तिथेच तुटतं. बंद शटरपुढची पायरी मग फेरीवाल्याला मिळते, ही एक गोष्ट मात्र चांगली होते (फेरीवाल्यांच्या जागा ठरवायला पथविक्रेता कायदा २०१४ पासून असला तरी खरं ठरतं ते पायरीवरच).

घरमालकाच्या बाजूने बघितलं तर बँकेइतका चांगला भाडेकरू सापडत नाही. करार लांब मुदतीचा, भाडं ठरल्या तारखेला खात्यात, टीडीएस कापून, घासाघीस नाही. महाराष्ट्रात तर कायदाच त्याला हात देतो आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ३ प्रमाणे बँकेला दिलेल्या जागेला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे जुना भाडेकरू दुकानदार पिढ्यानपिढ्या हलत नाही, भाडं दरवर्षी चार टक्क्यांनी वाढतं, आणि बँक मात्र करार संपला की नव्या भावाला तयार किंवा बाहेर. लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या गाळ्यात हा फरक कमी पडतो, पण गावठाणात जुने भाडेकरार अजून भरपूर आहेत. एकदा शेजारी बँकेचा रेट कळला की आख्ख्या ओळीतले मालक तोच आकडा धरून बसतात.

अमेरिकेत हा प्रश्न वाढला तो १९९४ च्या रीगल-नील कायद्यानंतर, त्याने बँकांना राज्याच्या हद्दीबाहेर शाखा काढायची वाट मोकळी केली आणि मोठ्या बँका कोपऱ्या-कोपऱ्यावर बसायला लागल्या. सगळ्यात जास्त उदाहरण दिलं जातं ते न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडचं. तिथे २०१२ मध्ये ब्रॉडवे, अॅमस्टरडॅम आणि कोलंबस अॅव्हेन्यूवर नव्या बँकेला तळमजल्याला रस्त्यालगत जास्तीत जास्त २५ फूट असं बांधून दिलं, शेवटच्या दोन रस्त्यांवर इतर बहुतेक दुकानांनाही ४० फुटांची मर्यादा आली. बँकेवर बंदी नाही, आत खोलवर किंवा वरच्या मजल्यावर हवी तेवढी जागा घ्या, रस्त्यावर फक्त अरुंद दरवाजा दाखवा. सॅन फ्रान्सिस्कोने दुसरा रस्ता धरला, साखळी दुकानांना वस्तीच्या बाजारात वेगळी परवानगी लागते आणि त्या व्याख्येत २०१२ पासून बँकापण घेतल्या. इंग्लंड उलटं गेलं. तिथे दुकान आणि बँक हे वेगवेगळे वापर-वर्ग होते, सप्टेंबर २०२० मध्ये दोन्ही एकाच ‘ई’ वर्गात टाकले, आता दुकानाची बँक करायला नियोजनाची परवानगीच लागत नाही.

नाशकात गंमत अशी की मेन रोड आणि सराफ बाजाराचे जुने प्लॉट पुढून अरुंद आणि आत लांबलचक, वाड्यांची मोडणीच तशी, त्यामुळे २५ फुटांचा नियम न लिहिता पाळला गेलाय. धोका आहे तो दोन-तीन वाडे एकत्र करून नवी इमारत उभी राहते तिथे, आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडला, जिथे बिल्डर ग्राउंड फ्लोअरचा मोठा हॉलच आधी बँकेला दाखवतो. गावठाणातल्या क्लस्टर डेव्हलपमेंटची, म्हणजे जुने वाडे एकत्र करून नव्याने बांधायची, चर्चा बरीच वर्षं चालू आहे, तिच्यात एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्यावर) जेवढं बोललं जातं त्याच्या पावभरही रस्त्यालगत किती दरवाजे राहणार यावर कोणी बोलत नाही.

विरोधातलं म्हणणंही हलकं नाही. नाशिक मर्चंट्स बँक १९५९ ची, नावातच व्यापारी आहेत, बाजाराला गल्ला भरायला आणि सुट्टे पैसे आणायला बँक जवळच लागायची. म्हातारी माणसं, पेन्शनवाले वर चढणार कसे, लिफ्ट सगळीकडे नाही, लॉकर आणि स्ट्राँगरूमचं वजन जुन्या वाड्याच्या माडीवर ठेवता येत नाही. म्हणून सरसकट बंदीपेक्षा रुंदीची मर्यादा जास्त बरी वाटते, एटीएम आणि जिना पुढे, बाकी मागे.

असा नियम इथे आणायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागेल, त्यात नोटीस, हरकती-सूचना आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी. आज बसलेल्या बँकांना असा नियम सहसा उठवत नाही, न्यूयॉर्कमध्येही आधीच्या शाखा राहिल्याच, त्यामुळे फरक दिसतो तो करार संपून गाळा रिकामा होईल तेव्हाच.