सतरा विरुद्ध बत्तीस

हार्ट फेल्युअर असलेल्या ७२२ वयस्कर रुग्णांवरच्या ‘एलिट’ या चाचणीचे निकाल १९९७ साली आले. काहींना नवं औषध लोसार्टन दिलं होतं, काहींना जुनं कॅप्टोप्रिल. मुख्य प्रश्न आधीच ठरलेला होता: मूत्रपिंडांना कुठलं कमी जाचतं? उत्तर आलं, दोन्ही सारखीच. दोन्ही गटांत १०.५ टक्के लोकांना त्रास.

पण मृत्यू मोजले, तर लोसार्टनच्या ३५२ जणांत १७ आणि कॅप्टोप्रिलच्या ३७० जणांत ३२! धोका ४६ टक्क्यांनी कमी, पी-मूल्य (औषधांत फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३५. ‘०.०५ च्या खाली म्हणजे सिद्ध’ असं मानणाऱ्यांसाठी विषय संपलाच.

तो संपत नाही. किती रुग्ण घ्यायचे हे मुख्य निकषावरून, म्हणजे आधी ठरलेल्या मुख्य प्रश्नावरून ठरतं. बाकीच्या गोष्टी, म्हणजे दुय्यम निकष, त्याच रुग्णांत जाता जाता मोजल्या जातात, आणि त्या पुष्कळ असतात. औषधांत काडीचा फरक नसतानाही एका निकषात निव्वळ योगायोगाने ‘फरक’ दिसण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकांशी संबंध नसलेले १० निकष तपासले, तर निदान एकात तो दिसण्याची शक्यता ४० टक्के होते. २० तपासले, तर ६४. त्यातून इथले आकडे तोकडे. लोसार्टनच्या गटात आणखी दोन-तीन मृत्यू झाले असते, तरी पी-मूल्य ०.०५ ओलांडून गेलं असतं. (असे निकाल वाचताना मी टक्केवारी बाजूला ठेवून आधी माणसं मोजतो.)

संशोधकांनी मग तोच प्रश्न मुख्य केला. ‘एलिट-२’मध्ये ३१५२ रुग्ण घेतले, निकष मृत्यू. २००० साली निकाल आला: लोसार्टन २८०, कॅप्टोप्रिल २५०. पी-मूल्य ०.१६, म्हणजे आता कॅप्टोप्रिल सरस ठरलं असंही म्हणता येत नाही.

मग दुय्यम निकष टाकाऊच का? मुळीच नाही. पहिल्या चाचणीत खोकल्यामुळे औषध सोडणारे कॅप्टोप्रिल गटात १४ होते, लोसार्टन गटात एकही नाही. हाही मुख्य प्रश्न नव्हताच. पण कॅप्टोप्रिलमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं आणि त्यातून कोरडा खोकला येतो, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. आणि दुसऱ्या चाचणीतही खोकल्याने औषध सोडणारे कॅप्टोप्रिल गटात २.७ टक्के निघाले, लोसार्टन गटात ०.३.